घरच्या काडीची फुले

पुण्यात गुलटेकडीच्या फूलबाजारात भाव दोन तऱ्हांनी निघतो. झेंडू, शेवंती, गुलछडी किलोवर जाते. ॲस्टर जुडीवर, गुलाब गड्डीवर. शेवंती किंवा गुलछडी देठासकट हवी असेल तर ती ‘काडी’ म्हणून वेगळी मागावी लागते. दादरच्या मंडईतही पहाटे हेच दिसते. सुट्ट्या फुलांचे ढीग पसरलेले असतात आणि काडीची फुले कागदात गुंडाळून बादल्यांत उभी केलेली असतात. आपल्या परसबागांतही हीच वाटणी आहे, फक्त तिथे काडीचा वाटा जवळजवळ नाहीच. आपण फूल लावतो ते देवासाठी, गजऱ्यासाठी, तोरणासाठी. जास्वंद, तगर, मोगरा, अबोली यांची मान तेवढी परडीत येते, देठाला काही काम नसते. त्यामुळे दारात बारमाही फुले असणाऱ्या घरातही फुलदाणी भरायची वेळ आली की माणूस फुलवाल्याकडे जातो आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले जर्बेरा घेऊन येतो.

हे पुस्तक त्या फुलदाणीसाठी आहे. घरच्या वाफ्यात किंवा कुंडीत बियांपासून हंगामी फुले वाढवायची, ती लांब काडीसकट कापायची आणि घरात मांडायची, एवढाच त्याचा विषय. गुलाब, कार्नेशन, लिली यात नाहीत, कारण त्यांची वाट निराळी आहे: कलम, कटिंग, कंद, हरितगृह. तळेगाव-मावळच्या हरितगृहांतून परदेशी जाणाऱ्या गुलाबाची बरोबरी घरच्या वाफ्याने करू नये आणि करायची गरजही नाही. कॉसमॉससारखी नाजूक पाकळी प्रवासात चुरगळते, म्हणून ते फूल बाजारात क्वचितच भेटते. अशी फुले दारात वाढवावीत, कारण दुसरीकडे ती मिळणारच नाहीत.

बीच का, तयार रोप का नाही, असे मला नेहमी विचारले जाते. दिवाळीनंतर नर्सऱ्या रोपांनी भरून जातात, वीस-तीस रुपयांत फुललेला झिनिया मिळतो, मग बी पेरून दोन महिने वाट का बघायची? कारण नर्सरीत काळ्या पिशवीत फुललेले रोप हे बहुतेक वेळा बुटक्या जातीचे असते. ती जात वाफ्याची कड भरण्यासाठी, कुंडीत गोलमटोल दिसण्यासाठी तयार केलेली असते. ती वीतभर वाढते आणि फुलते. तिच्या फुलाला फुलदाणीत उभे राहण्याजोगा देठ येतच नाही, मग खत कितीही घाला. उंच वाढणारा झिनिया अडीच-तीन फूट जातो, त्याची काडी हातभर मिळते, पण फुलायच्या आधी तो कुंडीत वेडावाकडा दिसतो आणि दुकानात कोणी उचलत नाही. म्हणून नर्सरीवाला तो ठेवत नाही. उंच जात हवी तर बीच आणावे लागते. काडीची लांबी बी निवडताना ठरते, मग पेरणीच्या तारखेने ठरते, आणि त्यानंतर दोन रोपांतल्या अंतराने. कापणीच्या दिवशी आपल्या हाती फार थोडे उरलेले असते. या पुस्तकात पेरणीवर इतकी पाने खर्ची पडली आहेत ती एवढ्यासाठी.

तारखेविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण बियांच्या पाकिटावरचा सल्ला इथे फसवतो. पाकिटाच्या मागे बहुधा ‘शेवटचे दहिवर पडून गेल्यावर पेरा’ अशा अर्थाचे काही छापलेले असते. हा सल्ला जिथे हिवाळ्यात जमीन गोठते अशा देशांसाठी लिहिलेला. आपल्याकडे झाडाला मारणारी गोष्ट थंडी नाही. आषाढ-श्रावणातली चिकचिक आणि एप्रिल-मेचे ऊन ही आपली दोन संकटे. त्यांच्या मधली ऑक्टोबर ते मार्च ही पट्टी म्हणजे आपला खरा फुलांचा हंगाम. पेरणी गणपती उठल्यावर सुरू करावी आणि नवरात्रापर्यंत बहुतेक उरकावी. परतीचा पाऊस मोठा असतो, म्हणून बी उघड्या वाफ्यात न टाकता ट्रेमध्ये किंवा पत्र्याखाली ठेवलेल्या पसरट कुंडीत टाकावे. रोप चार-सहा पानांवर आले की दसरा-दिवाळीच्या सुमारास गादीवाफ्यावर लावावे. गादीवाफाच, सपाट वाफा नको. हंगामी फुलांची रोपे पाणी साचले की बुंध्याशी सडून आडवी होतात आणि एका रात्रीत सगळा ट्रे रिकामा होतो.

तारखेचे दुसरे कारण दिवसाच्या लांबीत आहे. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान ११ तासांचा. दोन-सव्वादोन तासांचा हा फरक आपल्याला जाणवत नाही, झाडाला मात्र कळतो. कॉसमॉसला लहान दिवस फुलवतो. तो मे महिन्यात पेरला तर पावसाळाभर नुसता पाला वाढवून उंच होतो आणि वाऱ्यापावसात लोळतो. डिसेंबरात पेरला तर उलट, वाढायला वेळच न मिळता गुडघ्याएवढाही न होता कळी धरतो. सप्टेंबरच्या मध्यावर पेरलेला कॉसमॉस आधी हातपाय पसरतो, मग दिवस लहान होत जातात तसा फुलतो, आणि काडी भरपूर लांब देतो. ॲस्टरचे गणित याच्या विरुद्ध आहे. त्याची काडी लांबायला मोठा दिवस लागतो. लहान दिवसांत त्याची पाने जमिनीलगत चक्रासारखी बसून राहतात आणि फूल येते तेही आखूड देठावर. म्हणून ॲस्टर उशिरा पेरू नये. पुणे भागातले शेतकरी तो पावसाच्या तोंडाशी पेरतात यात शहाणपण आहे. सणाला माल येतो हा झाला व्यापार, पण काडीही तेव्हाच चांगली मिळते.

ॲस्टरविषयी मला आपलेपणा वाटतो. हे फूल मूळचे चीनचे. अठराव्या शतकात त्याचे बी पॅरिसला पोहोचले आणि एकेरी, डेझीसारख्या त्या फुलातून युरोपातल्या माळ्यांनी भरगच्च पाकळ्यांच्या जाती काढल्या. पण महाराष्ट्रात ते इतके रुळले की पुण्याच्या गणेशखिंडीतल्या संशोधन केंद्रात त्याच्या आपल्या हवेसाठी जाती तयार झाल्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या फुले गणेश पांढरी, फुले गणेश गुलाबी, फुले गणेश पर्पल, फुले गणेश व्हायोलेट या त्या जाती. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कामिनी, पौर्णिमा, शशांक याही घरच्या वाफ्याला योग्य आहेत. चकचकीत पाकिटातल्या आयात बियांपेक्षा या जाती आपल्या हवेत अधिक खात्रीने उभ्या राहतात असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यांचे बी माफक दरात मिळते. एक अट मात्र पाळावी लागते. ॲस्टरचे बी लवकर निर्जीव होते. झिनियाचे बी नीट ठेवले तर तीन-चार वर्षे उगवते, ॲस्टरचे दुसऱ्या वर्षीच दगा देऊ लागते. शिवाय ॲस्टरला मर रोग लागतो, त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकून असते. एका वाफ्यात ॲस्टर झाला की पुढची काही वर्षे त्या जागी दुसरे काहीतरी लावावे.

झिनिया हे नवशिक्याचे पहिले फूल. मेक्सिकोतून आलेले, अठराव्या शतकातल्या योहान गोटफ्रीड झिन या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे. बी मोठे, हाताळायला सोपे. चार-पाच दिवसांत उगवते आणि दोन-सव्वादोन महिन्यांत फुलते. मूळ मेक्सिकोचे म्हणून ते परके मानायचे कारण नाही, दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडूही तिथलाच. झिनियाला ऊन हवे, निदान सहा तास, आणि पानांवर पाणी नको. संध्याकाळी झारीने वरून भिजवलेल्या झिनियावर भुरी हमखास येते, म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. रोप वीतभर झाले की तीन-चार पानांच्या जोड्या ठेवून शेंडा खुडायचा. इथे बहुतेकांचा हात थांबतो. जोमात वाढणारे रोप, उद्या-परवा कळी दाखवणार, आणि त्याचा शेंडा कसा मोडायचा? पण न खुडलेला झिनिया मधोमध एक जाड फूल देतो आणि बाजूच्या फांद्या आखूड ठेवतो. खुडलेला झिनिया खालून चार-सहा फांद्या सरळ वर पाठवतो, आणि त्यांतली प्रत्येक म्हणजे एक काडी. उंच झेंडूचे, तुऱ्याच्या कोंबड्याचे, कॉसमॉसचे असेच. एकाच खोडावर एकच फूल देणारे सूर्यफूल आणि भल्या मोठ्या शेंड्याचा मखमली कोंबडा यांना मात्र हात लावायचा नाही, त्यांचे सगळे वैभव त्या एका शेंड्यात असते.

खुडण्याची भीती गेली की कापण्याची भीती उरते. आपल्याकडे झाडावरचे फूल उगाच तोडू नये अशी शिकवण आहे आणि ती मला मनापासून पटते. पण हंगामी झाडाचा जीवनक्रम समजून घेतला तर कापणे हा त्याच्यावर अन्याय ठरत नाही. हे झाड एका हंगामात बी धरून संपण्यासाठी उगवलेले असते. पहिल्या फुलांत बी भरू लागले की त्याची ताकद तिकडे वळते, नव्या कळ्या कमी होतात, खालची पाने पिवळी पडू लागतात. फूल वेळेवर कापले तर बी धरायचे काम अपुरे राहते आणि झाड पुन्हा फांद्या काढते. आठवड्यातून दोनदा कापलेला झिनियाचा वाफा शिवरात्रीपर्यंत फुलत राहतो. न कापलेला नाताळ उलटायच्या आत थकतो. कापायचे तेही आखूड देठावर नाही. खाली खोल जाऊन, पानांच्या एक-दोन जोड्या राखून, भरपूर लांबीवर कापावे. अशा कापणीत बाजूच्या दोन कोवळ्या कळ्या गेल्या तरी हरकत नाही. पुढची फूट खालून येते, आणि ती जितक्या खालून येईल तितकी सरळ आणि लांब.

प्रत्येक फुलाची कापण्याची वेळ वेगळी असते आणि हे ज्ञान कुठल्याही पाकिटावर छापलेले नसते. झिनिया पूर्ण उमलल्यावरच कापावा, कळीत कापला तर तो पुढे उमलत नाही. पूर्ण उमलला की नाही हे डोळ्याने नेहमी कळत नाही, म्हणून फुलाच्या वीतभर खाली देठ धरून हलके हलवून पाहावा. मान लवलवली तर आणखी दोन दिवस थांबावे, काडी ताठ राहिली तर कापावी. कॉसमॉस याच्या उलट, पाकळ्या नुकत्या सुटू लागल्या की घ्यावा. सूर्यफुलाच्या पाकळ्या मधल्या चकतीवरून उचलल्या जाऊ लागल्या की तीच वेळ. फुलदाणीसाठी तयार केलेल्या संकरित सूर्यफुलांत परागच नसतात, त्यामुळे टेबलावर पिवळी धूळ सांडत नाही. घरात दम्याचा त्रास असणारे कोणी असेल तर हेच बी आणावे. ॲस्टरच्या बाहेरच्या पाकळ्या पूर्ण उघडलेल्या असाव्यात. स्नॅपड्रॅगनच्या तुऱ्यातली खालची तिसरा हिस्सा फुले उमलली की पुरे. हे फूल आणि लार्कस्पर पुणे, नाशिक, सातारा इथल्या थंड रात्रींत चांगली होतात. मुंबई-कोकणच्या दमट, उबदार हिवाळ्यात ती दोन्ही हट्टाने लावू नयेत. तिथे झिनिया, कोंबडा, गॉम्फ्रेना, सूर्यफूल यांच्यावर भर द्यावा. लार्कस्परचे बी आणि झाड विषारी असते, लहान मुले असणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे.

आता थोडे आपल्या मातीतल्या फुलांविषयी. पावसाळ्याच्या अखेरीस ज्वारी-बाजरीच्या बांधावर कुर्डू तरारतो. कोवळा असताना त्याची भाजी होते, मग त्याला गुलाबी-पांढरे निमुळते तुरे येतात. शेतकरी त्याला तण म्हणून उपटतो. जगभरचे फुलवाले मोठ्या किमतीला विकतात तो सेलोसिया, आणि आपल्या दारातला कोंबडा, हे सगळे कुर्डूचेच भाऊबंद. कुर्डूची काडी वाळवली तरी तिचा आकार आणि बराचसा रंग टिकतो. एका चिनी मातीच्या लोणच्याच्या बरणीत मूठभर कुर्डू नुसता उभा केला तरी कोपरा भरतो. त्याचे बी काळे, चमकदार आणि इतके विपुल असते की एका काडीतून पुढच्या वर्षीचा वाफा होतो. पसरू नये म्हणून बी गळायच्या आत कापायचा, इतकेच. तेरड्याची गोष्ट निराळी. कोकणात गौरीला तेरड्याची रोपेच्या रोपे घरात येतात, म्हणजे काडीसकट फूल घरात आणण्याची एक रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. पण तेरड्याचा रंग तीन दिवस हे फुलदाणीलाही लागू पडते. सणापुरता आणावा, आठवडाभराची अपेक्षा धरू नये. कास पठारावरचा तेरडा आणि तिथली इतर फुले मात्र तिथेच राहू द्यावीत. पश्चिम घाटातली ती जागा २०१२ पासून जागतिक वारसा आहे, आणि तिथल्या प्रत्येक फुलात पुढच्या वर्षीचे बी असते.

फुलदाणीचे निम्मे यश फुलांत नसून मधल्या हिरवाईत असते, आणि इथे स्वयंपाकघराची मोठी मदत होते. बाजारात जिप्सोफिला घेतात त्याच कामाला शेपूचे पिवळे छत्र, कोथिंबिरीची पांढरी फुले, बडीशेपेचे तुरे, सब्जाच्या मंजिऱ्या उपयोगी पडतात. थंडीत कोथिंबिरीचा एक कोपरा न कापता सोडून द्यावा. जानेवारीत ती धुक्यासारखी फुलते आणि झिनियाच्या भडक रंगांना आवर घालते. बाजरीचे एखादे कोवळे कणीस, राळ्याचा वाकलेला तुरा यांनी मांडणीला जो डौल येतो तो विकतच्या फर्नने येत नाही. इंग्लंडच्या कॉन्स्टन्स स्प्राय या फुलसजावटकार बाईंनी, ज्यांच्याकडे १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची फुले होती, भाजीची पाने, रानगवत, वाळलेल्या शेंगा यांना श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत नेऊन बसवले. त्यांचे फोटो पाहताना मला आपल्या मंडईतले भाजीचे गाळे आठवतात. साहित्य आपल्याकडे त्यांच्याहून विपुल आहे.

घरात आल्यावरची शुश्रूषा थोडक्यात सांगतो, तपशील चौथ्या प्रकरणात आहे. सकाळी दव वाळायच्या सुमारास कापावे, पाण्याची बादली सोबत न्यावी आणि काडी लगेच पाण्यात ठेवावी. कापलेल्या देठातल्या बारीक नळ्यांत हवा शिरली की पाणी वर चढत नाही. पाण्याखाली येणारी सगळी पाने काढावीत, नाहीतर ती कुजतात आणि जंतू त्याच नळ्या बंद करतात. मग दोन-तीन तास अंधाऱ्या, थंड जागी खोल पाण्यात फुले मुरू द्यावीत, त्यानंतरच मांडावीत. झिनिया आणि सूर्यफूल पाणी फार लवकर घाण करतात, तेव्हा पाणी रोज बदलावे आणि देठ बोटभर कापावा. फुलदाणी आणि पिकलेली केळी, आंबे, चिकू एका टेबलावर ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने स्नॅपड्रॅगन आणि लार्कस्पर एका रात्रीत गळतात. आजीचा पितळी तांब्या मांडणीला फार सुरेख दिसतो. त्यात काचेचा पेला बसवून फुले पेल्यात ठेवावीत, भांडे डागाळत नाही.

हिरवा स्पंज या पुस्तकात कुठेही वापरलेला नाही. तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा असतो, चुरा होऊन पाण्यात जातो आणि कुजत नाही. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांतून तो २०२१ पासून हद्दपार केला आहे. त्याऐवजी इकेबानात वापरतात तो जड पिनहोल्डर किंवा तारेच्या जाळीचा गोळा पुरतो, आणि तो जन्मभर टिकतो. शेवंतीची, झेंडूची गर्दी असेल तर तांब्याच्या अरुंद गळ्यालाही काही लागत नाही.

बियांविषयी शेवटचे. पंजाबात पतियाळा-संगरूर भागातले शेतकरी परदेशी कंपन्यांसाठी फुलांचे बी पिकवतात. युरोपातून येणाऱ्या महागड्या पाकिटातले बी कदाचित तिथेच तयार झालेले असेल. तेव्हा केवळ पाकिटाच्या भाषेला भुलू नये, बी कोणत्या वर्षी भरले ती तारीख आधी वाचावी. संकरित जातीचे बी घरी धरले तर पुढच्या पिढीत रंग आणि उंची बिघडते. सरळ जातीचे बी मात्र दरवर्षी धरावे: सर्वांत लांब आणि ताठ काडीचे झाड फेब्रुवारीत सुतळी बांधून राखावे, त्याची फुले झाडावरच वाळू द्यावीत, मेच्या उन्हाळ्यात सावलीला सुकवून घट्ट झाकणाच्या बाटलीत, राखेच्या पुरचुंडीसह ठेवावे. पावसाळ्याची ओल बियांचा घात करते, त्यामुळे जून ते ऑगस्ट बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात असावी. निरनिराळे झिनिया शेजारीशेजारी असतील तर मधमाश्या त्यांचे रंग एकमेकांत मिसळतात. रंग राखायचा असेल तर त्या वर्षी एकाच रंगाचा वाफा लावावा.

जानेवारीच्या अखेरीस पुण्यात एम्प्रेस गार्डनला आणि त्याच सुमारास मुंबईत राणीच्या बागेत फुलांची प्रदर्शने भरतात. वाचकाने ती पाहावीत, आणि बक्षीसपात्र गुलाबांपाशी रेंगाळून झाले की हंगामी फुलांच्या टेबलापाशी जाऊन काड्या निरखाव्यात. कोणत्या जातीचा देठ ताठ आहे, कोणती मान झुकते, तिसऱ्या दिवशी काय टिकले आहे, हे वहीत टिपावे. पुढच्या भाद्रपदात मागवायच्या बियांची यादी तिथेच तयार होते. ज्यांना यंदाच सुरुवात करायची आहे त्यांनी चार कुंड्यांपुरते उंच झिनियाचे, कॉसमॉसचे आणि कोंबड्याचे बी आणावे. कुंडी १२ इंचांहून लहान नको, माती, शेणखत आणि कोकोपीट समभाग. निम्मे बी आज पेरावे, उरलेले १५ दिवसांनी. सगळे एकदम पेरले तर सगळी फुले एकाच आठवड्यात येतात आणि नंतर महिनाभर फुलदाणी रिकामी राहते. पहिले प्रकरण या दोन पेरण्यांपासूनच सुरू होते.